आधी ‘एक्स’ कोण ते लिहा
(आपल्या 1994 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना ‘आयटीतल्या मोठ्या अधिकारी’ असं काहीतरी सांगितलं गेलं. त्यातलं आयटी तेवढं खरं. मोठी असते तर काल रात्री साडेदहाला आपल्या खजिनदाराने मला फोन करून गणित घातलं नसतं.

म्हणाला, “अगं, तू इंजिनिअर ना? एक हिशेब लागत नाहीये. जेवणाची कुपनं नव्वद गेलीत. मोठ्यांचं तीनशेचं, लहान मुलांचं दीडशेचं. जमा झालेत साडेबावीस हजार. पण मोठी किती आणि लहान किती, हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. केटरर डोकं खातोय, मुलांसाठी पावभाजी किती जणांची करू म्हणून.”

मी तेव्हा कणीक मळत होते. म्हटलं, “नव्वदच्या नव्वद मुलंच धर. साडेतेरा हजार होतात. तुझ्याकडे नऊ हजार जास्त आहेत. एका मुलाच्या जागी एक मोठा माणूस धरला की दीडशे वाढतात. नऊ हजारात दीडशे साठ वेळा. म्हणजे मोठी साठ, मुलं तीस.” तो “सुटलो!” म्हणाला आणि फोन ठेवला. हे उदाहरण तिथे संपलं नाही. पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

मला आज ‘शाळेने मला काय दिलं’ यावर बोलायला सांगितलंय. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं. मागच्या रांगेतून आलेला उसासा ऐकू आला मला! तो नववीतसुद्धा तिथूनच यायचा.

ज्यांना आठवत असेल त्यांना आठवत असेल, माझं गणित चांगलं समजलं जायचं. समीकरण फळ्यावर लिहून दिलं की माझं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार. पण तेच उदाहरण शब्दांत आलं की माझे हातपाय गार पडायचे. मी उपाय काढला होता. गाईडमधले प्रकार पाठ करायचे. वयाचं उदाहरण, नावेचं उदाहरण, नळाचं, दोन अंकी संख्येचं. ‘जास्त’ दिसलं की अधिक, ‘तिप्पट’ दिसलं की तीनने गुणायचं. कोण कुणाच्या तिप्पट हे वाचायची गरज नाही. नववीच्या सहामाहीत वडिलांचं वय 9 आणि मुलाचं 27 आलं. मी त्या उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. बाईंनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला नाही, एवढे त्यांचे उपकार. मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “पंधरा दिवस तू एकही उदाहरण सोडवायचं नाहीस. फक्त पहिली ओळ लिहून आणायची.”

पहिली ओळ म्हणजे ‘एक्स मानू’. मला वाटलं, सुटले. रोज पाच उदाहरणं आणि प्रत्येकाची एकच ओळ. पहिल्या दिवशी मी लिहून नेलं, ‘पेट्या = एक्स’. लाल शाईत परत आलं, ‘कोणत्या पेट्या? त्यांची संख्या, की वजन, की किंमत?’ दुसऱ्या दिवशी ‘नाव = एक्स’. लाल शाई: ‘नावेचं काय? रंग?’ आठवडाभर असं चाललं. मला रडू यायचं. मग हळूहळू लक्षात आलं, की ओळ नीट लिहायची तर उदाहरण शेवटपर्यंत वाचावं लागतं. काय दिलंय, काय विचारलंय, आणि काय न सांगता गृहीत धरलंय, हे सगळं त्या एका ओळीच्या आधी घडतं. ‘2 किलोच्या पेट्यांची संख्या एक्स मानू’ असं लिहिलं, की पुढचं समीकरण जवळजवळ आपोआप उभं राहतं. आणि समीकरण तर मला येतच होतं.

पेट्यांचं उदाहरण मी मुद्दाम सांगतेय, कारण ते पुस्तकातलं नव्हतं. त्याच वर्षी बाईंनी दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ दिला होता. प्रत्येकाने नाशिकमधलं एक उदाहरण स्वतः तयार करून आणायचं आणि ते दुसऱ्याने सोडवायचं. आपली दिंडोरीहून एसटीने येणारी मैत्रीण होती, तिच्या घरी द्राक्षबाग. तिने आणलं: 2 किलोच्या आणि 4 किलोच्या मिळून 50 पेट्या, एकूण द्राक्षं 160 किलो, तर प्रत्येक प्रकारच्या पेट्या किती? (20 आणि 30. इतक्या वर्षांनी पाठ आहे.) कुणी नाशिक रोड ते मनमाड पंचवटी एक्सप्रेसचं आणलं. मेन रोडवरच्या दुकानातल्या साड्यांचं एक होतं. आणि पंचवटीतल्या एका सद्गृहस्थांनी, जे आज समोरच बसलेत, असं उदाहरण आणलं की उत्तर साडेसात मुलगे आलं. त्यावरून त्यांचं नाव पुढे दहावीपर्यंत ‘साडेसात’ पडलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर घेतलं आणि विचारलं, “दिलेल्यापैकी कोणता आकडा बदलला तर उत्तर पूर्ण येईल?” सबंध तास त्यावर गेला. उदाहरण उलट्या बाजूने बघायची ती माझी पहिली वेळ.

गोदावरीतल्या नावेचं उदाहरणही कुणीतरी आणलं होतं. प्रवाहाच्या दिशेने इतके किलोमीटर, विरुद्ध दिशेने तितके. त्यावर वर्गात जोरदार वाद झाला, की उन्हाळ्यात रामकुंडात प्रवाहाचा वेग शून्य धरायचा का. आणि पावसाळ्यात? पावसाळ्यातलं नाशिकचं माप आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, पण घरी फोन केला की मी अजूनही “मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” असंच विचारते. एकक म्हणून ते वाईट नाही. ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांना तोच मारुती माहीत आहे, ही त्याची खुबी.

त्या गृहपाठाआधी एका ऑफ तासाला बाईंनी आपल्याला कापरेकरांबद्दल सांगितलं होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, आपल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक. 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं. कुठल्या मोठ्या संस्थेत नाही, संशोधनाची पदवी नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. बाईंनी 3524 घेतला होता. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आणि 6174 चं पुन्हा तेच केलं की 6174 च. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतो. अख्खा वर्ग आपापल्या घराचे नाहीतर बसचे नंबर घेऊन बसला होता. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरांनी 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे ते जगभर पोचले. पण आपल्यासाठी बाईंनी त्यातून एवढंच काढलं होतं: “त्यांना हे उदाहरण कुणी घातलं नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःला घातलं. आता तुम्ही घाला.” त्यातून तो दिवाळीचा गृहपाठ.

बऱ्याच वर्षांनी मी लीलावती मराठी अर्थासह वाचायला घेतली, तेव्हा मला बाईंची आठवण आली. 1150 सालचा ग्रंथ, आणि त्यात उदाहरणं कशाची, तर भुंग्यांची, हंसांची. एका थव्यातल्या भुंग्यांच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या वेलीवर गेलं, सगळ्यांपैकी आठ नवमांश आणखी कुठे गेले, आणि एक जोडी उरली, तर भुंगे किती? उत्तर 72. निम्मे 36, त्याचं वर्गमूळ 6, आठ नवमांश म्हणजे 64, वर 2. ताळा जुळतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्येला जो शब्द आहे तो मला फार आवडला, ‘यावत्तावत्’. म्हणजे जितकं असेल तितकं. एकापेक्षा जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. आपल्या एक्स, वाय आणि आजोबांच्या वहीतल्या ‘क्ष’च्या कितीतरी आधी. हे सगळं फार लांब घडलेलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे, 1207 सालची. नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पुढच्या मेळाव्याला सहल काढायची असेल तर माझी सूचना समजा.

आता नोकरीबद्दल थोडंच, कारण ती तुम्हाला कंटाळवाणी वाटेल आणि मलाही कधीकधी वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी बिलं काढणाऱ्या प्रणालीवर काम करत होते. माझ्या भागात रक्कम रुपयांत होती, जिथे ती जायची तिथे पैशांत धरलेली. मी प्रोग्राममध्ये नाव दिलं होतं नुसतं ‘रक्कम’. एका रात्री चाळीस मिनिटं चुकीची बिलं निघाली. चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करताना मला अक्षरशः लाल शाई दिसत होती: ‘रक्कम कशात?’ मनाची समजूत घालायला मला आणखी मोठी चूक माहीत होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, सप्टेंबर 1999 मध्ये, ‘नासा’चं एक यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. एका बाजूचा प्रोग्राम इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पौंडांच्या मापात देत होता आणि दुसऱ्या बाजूला ते न्यूटनच्या मापात आहेत असं समजून वापरले जात होते. त्यांच्या बाई कुठे होत्या, असं मला नेहमी वाटतं.

संभाव्यता माझ्या वाट्याला अकरावी-बारावीत आली आणि तिथे वेगळीच पंचाईत झाली. उदाहरणं पत्त्यांची, आणि आमच्या घरात पत्ते निषिद्ध. 52 पानं, त्यात चित्रं किती, चौकटची लाल की काळी, हे मी शेजारच्या आजोबांकडून चोरून शिकून आले. त्यांनी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ओळीने अंगणात मांडून दाखवलं, आणि नकळत मला त्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम करून दाखवलं. आधी सगळ्या शक्यता मांडायच्या. पुस्तकात त्याला नमुना अवकाश म्हणतात. हे मोठमोठ्यांचंही चुकतं. दोनदा नाणं उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? दालांबेर नावाच्या थोर फ्रेंच गणितज्ञाने 1754 मध्ये लिहिलं, दोन तृतीयांश. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा. शक्यता तीन, त्यांतल्या दोन आपल्या. पण ‘पहिल्यांदाच छापा’ या एका ओळीत दोन शक्यता लपल्यात. चारही मांडल्या की उत्तर येतं तीन चतुर्थांश. विश्वकोशात छापून आलेली चूक आहे ही, आपल्या नववीच्या पेपरातली नाही.

आता जे सांगायचंय त्यासाठी मी एका मैत्रिणीची परवानगी घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी, मी चव्वेचाळीसची असताना, ऑफिसच्या वार्षिक तपासणीत मॅमोग्राफी केली. कसलीही तक्रार नव्हती. चार दिवसांनी फोन आला, ‘काहीतरी दिसतंय, पुढच्या तपासण्यांना या.’ नात्यातल्या एकांनी काळजीने सांगितलं, “ही टेस्ट नव्वद टक्के बरोबर असते गं.” मी ते ऐकलं ते असं, की मला कॅन्सर असण्याची शक्यता नव्वद टक्के. दोन रात्री मी झोपले नाही. मुलगी आठवीत होती. तिच्या दहावीपर्यंतचे हिशेब मी मनात मांडून झाले होते.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर कच्ची वही घेतली आणि ‘एक्स मानू’च्या जागी लिहिलं, ‘माझ्या वयाच्या, तक्रार नसलेल्या 1000 बायका मानू.’ पुढे जाता येईना, कारण दिलेली माहिती अपुरी होती. सकाळी डॉक्टरांना फोन करून विचारलं: अशा हजार जणींत खरोखर आजार किती जणींना असतो? त्यांतल्या किती टेस्टमध्ये सापडतात? आणि आजार नसताना किती जणींना उगाच बोलावणं जातं? त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ढोबळ आकडे दिले आणि बजावलं, की वय, ठिकाण, घरातला इतिहास यांप्रमाणे ते बदलतात. मी लिहिलं: हजारांत 5 आजारी, त्यांतल्या 4 सापडतील. उरलेल्या 995 निरोगी, पण दहातल्या एकीला खोटा इशारा, म्हणजे सुमारे 100. बोलावणं जाणार 104 जणींना. त्यांत आजारी 4. शंभरात चारहून थोड्या कमी.

म्हणजे टेस्ट नव्वद टक्के बरोबर असूनही माझ्या प्रश्नाचं उत्तर चार टक्क्यांच्या आसपास. इंजिनिअरिंगला मी हेच बेजचं सूत्र म्हणून पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. थॉमस बेज हा इंग्रज पाद्री; त्याचा यावरचा निबंध तो वारल्यावर, 1763 मध्ये छापला गेला. सूत्रात माझं डोकं कधीच चाललं नाही. हजार बायका ओळीने उभ्या केल्यावर चाललं. ‘आजार असताना इशारा’ आणि ‘इशारा आला असताना आजार’ ही दोन वेगळी उदाहरणं आहेत. मी एकाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहून दोन रेघा मारल्या होत्या. पुन्हा वडील 9 आणि मुलगा 27.

त्या रात्री झोप लागली. पण पुढच्या तपासणीला मी गेलेच. कारण आपण त्या शंभरांत आहोत की चौघींत, हे वहीतून कळत नाही. सुईने नमुना घेऊन तपासला. माझी गाठ साधी निघाली.

हे सगळं मी खुशीत येऊन फोनवर आपल्या दिंडोरीच्या मैत्रिणीला सांगितलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, “तुझ्या कागदावरच्या त्या चौघींतली मी.” तिला माझ्या आधी वर्षभर असंच बोलावणं आलं होतं. कुणाला कळवलं नव्हतं. तिलाही लोक सांगत होते, बहुतेक काही नसतं, द्राक्षांचा हंगाम झाला की जा. ती हंगामात गेली. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता ती बरी आहे. मधल्या रांगेत बसली आहे. केस पूर्वीपेक्षा छान आलेत, असं मी मघाशीच तिला सांगितलं.

तिच्याशी बोलल्यापासून मी ते गणित कुणाला समजावते तेव्हा ‘फक्त चार’ म्हणत नाही. ‘चार’ म्हणते.

माझी मुलगी आता दहावीत आहे. त्यांच्या पुस्तकात संभाव्यता दहावीलाच आहे. उदाहरण अडलं की ती मोबाईलने फोटो काढते आणि ॲप सगळ्या पायऱ्या मांडून दाखवतं. मी रागावत नाही, माझंही पोट त्याच धंद्यावर आहे. फक्त ॲपने पहिल्या ओळीत काय मानलंय तेवढं मला वाचून दाखव म्हणते. परवा तिने वाचलं आणि स्वतःच म्हणाली, “आई, यात नापास मुलं मोजलीच नाहीयेत.” बाई, तुमचा गृहपाठ अजून चालू आहे.

आता कुपनांचं. आज सकाळी मी गेटवर आले, तर खजिनदार कपाळाला हात लावून उभा. म्हणाला, “मुलं तीस दिसत नाहीत गं.” मी विचारलं, नव्वद कुपनं, सगळ्यांनी पैसे दिलेत ना? तर म्हणे, “सर आणि बाईंकडून कसे घेणार? त्यांची नऊ आपल्याकडून.” हे त्याने काल सांगितलं नव्हतं, आणि तीसेक वर्षांच्या लाल शाईनंतरही मी विचारलं नव्हतं. म्हणजे पैसे दिलेली कुपनं 81. सगळी मुलं धरली तर 12,150 होतात. 10,350 जास्त. भागिले दीडशे, 69. मोठी 69, मुलं 12.

केटररला मात्र काल रात्रीच तीस सांगून झालं होतं. तेव्हा मंडळी, आत पावभाजी अठरा जणांची जास्त आहे. ‘साडेसात’ यांनी सुरुवात करावी.